आग्रा रोडवर (नाशिक-मुंबई हायवे) भरलेली दहा टायर गाडी कुठल्या लेनने चालवायची? आणि कसारा घाट कुठल्या गियरमध्ये उतरायचा?

पिंपळगावकर_डायव्हर

राम राम मंडळी. आजवर १४ फुटी आयशरवर होतो, पिंपळगाव मार्केट ते वाशी. टोमॅटोच्या सीझनला टोमॅटो, नाहीतर कांदा. दिवाळीनंतर शेठने दहा टायर हातात दिली. हेवी लायसन आधीच काढून ठेवलं होतं, गाडी पण जमते, पण रोडवर कुठे चालायचं यावरूनच डोकं फिरलंय.

शेठ म्हणतो उजवी लेन धर आणि सोडू नको. डावीकडे ट्रॅक्टर, उलटे येणारे टू-व्हीलरवाले, ढाब्यासमोर उभ्या गाड्या. सारखा ब्रेक, सारखा गियर, डिझेल जातं. उजवीकडे राहिलो की मागून कारवाले डिपर मारमारून डोळे फोडतात, मग डावीकडून कट मारून पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक दाबतात. परवा वाडीवऱ्हेच्या पुढे एकाने काच खाली करून आईबहीण काढली. आडगावला जुनी माणसं सांगतात मधली लेन. बरं, मधली धरली तर गोंद्याच्या पुढे मधली राहतच नाही!

दुसरं वेगाचं. गाडीला गव्हर्नर आहे, ८० च्या पुढे काटा हलत नाही. पुढचा ट्रक ७७-७८ ने चाललेला असतो. त्याच्या मागे राहिलं तर धूर खायचा, ओव्हरटेकला काढलं तर संपतच नाही, तो पण दाबतो. मागे कारची रांग लागते आणि शिव्या मला.

तिसरं कसारा. माझ्याबरोबरचे दोघंतिघं घाटनदेवीला हात जोडून सरळ न्यूट्रल मारतात, म्हणतात अॅव्हरेज मिळतं. मला भीती वाटते. चौथ्यात उतरू का तिसऱ्यात? पहाटेच्या आत वाशीला माल लागला नाही तर भाव पडतो आणि बोलणी मला खावी लागतात, म्हणून फार सावकाशही परवडत नाही.

जाणत्यांनी सांगा.

---

नाशिक_ठाणे_अपडाऊन

मी कारवाला, त्यामुळे आधीच सांगतो, शिव्या देणाऱ्यांत मी नाही. पण आमचीही बाजू ऐका. गोंदे ते घोटी दोन ट्रक शेजारी शेजारी, दोघांचा वेग एकच, आणि मागे पन्नास गाड्या. दोघांतला एकही अॅक्सिलरेटरवरून पाय काढत नाही. डावीकडून जायची कुणाला हौस नसते हो. उजवीकडे जागाच नसते म्हणून माणूस डावीकडून घुसतो. उजव्या लेनमध्ये ट्रक ओव्हरटेक करत असेल तर मी थांबतो. पण विल्होळीपासून इगतपुरीपर्यंत त्याचं ओव्हरटेकच चालू असेल तर काय करायचं?

---

टर्मिनलचे_नाना

पिंपळगावकर, तू विचारलंस ते बरं केलं. बहुतेक जण विचारत नाहीत, शेजारचा करतो ते करतात. माझी हयात आग्रा रोडवर गेली, आता गुडघे गेले म्हणून आडगावला ट्रक टर्मिनलजवळ टायरचं दुकान टाकून बसलोय. कोण कसं चालवतो ते मला त्याचे टायर बघून कळतं.

पहिली गोष्ट, पिंपळगावला लेन ठरवून वाशीपर्यंत तीच धरायची हे डोक्यातून काढ. रस्ता एक नाही. पिंपळगाव ते गोंदे सहापदरी, म्हणजे तुझ्या बाजूला तीन लेन. गोंदे ते वडपे (भिवंडीजवळ) चौपदरी, तुझ्या बाजूला दोनच, आणि कामं चालू असली की त्यातलीही एक बॅरिकेडमागे. त्यामुळे आडगावची माणसं मधली म्हणतात ते गोंद्यापर्यंतचं बोलतात.

तीन लेन आहेत तिथे डावी तुझी. ओझरपासून नाशिकपर्यंत जिथे सर्व्हिस रोडवरून गाड्या आत येतात, ढाबा आहे, पंप आहे, तिथे दोन-तीनशे मीटर आधी आरसा बघून, इंडिकेटर देऊन मधल्या लेनला यायचं. ती जागा गेली की परत डावीकडे. अगदी तोंडावर येऊन स्टिअरिंग खेचायचं नाही, तुझ्या मागे २८ टनाचा हिशोब आहे. आयशरला जमत होतं ते इथे जमणार नाही. त्यात कांद्याच्या गोण्या उंच भरलेल्या असतात, माल वरून डोलतो. नाशिकच्या उड्डाणपुलावर ना ढाबा ना ट्रॅक्टर, तिथे गुपचूप डावी धरून चालायचं, फक्त रॅम्पवरून वर येणाऱ्याकडे लक्ष. सर्वांत उजवी लेन तुझी नाही. तीन लेनच्या रोडवर ट्रकचं ओव्हरटेक मधल्या लेनमधून होतं.

शेठचं म्हणणं अगदीच खोटं नाही, ते पण सांगतो. डाव्या लेनला लोड गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, स्टिअरिंग ओढतं. टायरवाला म्हणून मला हे मान्य. पण शेठ केबिनमध्ये बसत नाही. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. तुला उजवी बाजू स्वच्छ दिसते आणि डावीकडे केबिनच्या कडेला लागून चाललेला मोटारसायकलवाला अजिबात दिसत नाही. उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलास की मागचे डावीकडून निघणारच, आणि कधीतरी तुला डावीकडे यावंच लागेल, टोलला, पंपाला, पंक्चर झालं तर. म्हणजे दर वेळी आंधळ्या बाजूला वळायचं, तेही जिथून लोक घाईत घुसतायत तिथे. पूर्वी किन्नर (क्लीनर) असायचा, खिडकीतून हात काढून दांडा आपटायचा. आता बहुतेक गाड्यांवर डायव्हर एकटाच. दाराच्या वरचा गोल आरसा नीट लावून घे, बऱ्याच गाड्यांना तो आकाशाकडे बघत असतो.

आता ओव्हरटेक. तू ८० ने, पुढचा ७५ ने. दोघांत ताशी ५ किलोमीटरचा फरक, म्हणजे सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. दोन गाड्यांची लांबी वीसेक मीटर, मागे पुढे सोडायचं अंतर धरलं तर तुला त्याच्यापेक्षा ७०-७५ मीटर जास्त काटायचेत. लागले पन्नासच्या वर सेकंद, आणि तेवढ्यात तू एक किलोमीटरहून जास्त ओव्हरटेकच्या लेनमध्ये. तो ७८ ने असेल तर दोन मिनिटं उलटून जातील, जवळपास तीन किलोमीटर! मधे एक चढ लागला की दोघांचा वेग पडणार, ज्याचा माल हलका तो पुढे, आणि तू लोड. मग ना पुढे ना मागे. कारवाले दादा वर म्हणतायत ते हेच.

म्हणून हिशोब साधा ठेव. पुढच्याचा वेग तुझ्याहून दहाने कमी दिसत नसेल तर काढूच नकोस. मागे तीन सेकंदांचं अंतर ठेवून चाल. ८० ला तीन सेकंद म्हणजे ६५ मीटर, तिथे धूरही येत नाही. धूर खातोस म्हणजे तू फार चिकटलेला आहेस.

आणि तुला कुणी ओव्हरटेक करत असेल तर पाय काढ. ७० वर ये, तो पंचवीस-तीस सेकंदात पार होईल. तुझं काय गेलं? त्याचं शेपूट सुटलं की एक डिपर दे, ये म्हणून. त्याला डाव्या आरशात नेमकं कळत नसतं. दिवसा हात दाखव. आपल्या लाईनमध्ये ही पद्धत जुनी आहे, अजून परराज्यातल्या गाड्या पण पाळतात. न पाळणारे मला तर बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले दिसतात, काय बोलायचं.

कसाऱ्याचं सावकाश लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

---

टर्मिनलचे_नाना

हां, कसारा.

न्यूट्रल मारणाऱ्यांना अॅव्हरेज मिळत नाही. जुन्या फ्युएल पंपाच्या गाड्यांचं सोड, आताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनमध्ये गियरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलला डिझेल जळतच राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त जाळायचं. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, टाकीत आहे तेवढ्याच हवेवर सगळा घाट.

गियरचा जुना नियम असा, भरल्या गाडीने ज्या गियरमध्ये हा घाट चढशील त्याच गियरमध्ये उतर. तिसरा का चौथा हे तुझ्या गाडीवर आणि मालावर, शंका असेल तर खालचा. पण तो गियर उतार लागायच्या आधी टाकायचा. घाटनदेवीला तशाही सगळे हळू होतात, तिथेच ब्रेकच्या हवेचा काटा बघ, दोन वेळा ब्रेक दाबून बघ, गियर टाक, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) चालू कर. उतारावर गाडी सुटल्यावर खालचा गियर पडत नाही, दात वाजतात आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते.

ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नकोस. त्याने ड्रम तापतो, लायनर जळतो. ड्रम तापून फुगला की लायनर त्याला पुरत नाही, पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल. फेल काही नसतं, गरम झालेलं असतं. इंजिनने वेग धरू दे, तरी वाढला तर एकदा नीट दाब, दहाने खाली आण, आणि पूर्ण सोड. परत वाढला, परत तसंच. जळका वास आला तर मागच्या गाडीचा असेल म्हणायचं नाही, जागा बघून बाजूला घे, चाकाला उटी (पाचर) लाव आणि थंड होऊ दे. पाणी ओतायचं नाही, ड्रम तडकतो.

आणि घाटात लेन एकच, डावी. उतरताना पुढचा ट्रक वीसने चालला असेल तर तूही वीसने. घाटात त्याला मागे टाकून तुला वाशीला किती आधी पोचायचंय?

---

मालेगाव_लाईन

नाना, बाकी सगळं मान्य, पण रात्रीचं नाही पटत भो. मी मालेगाव-धुळे-इंदूर लाईनला आहे. तिथे दोनच लेन आणि डाव्या लेनला ट्रेलर उभे. ना रिफ्लेक्टर ना लाईट, मागे एक दगड ठेवलेला असतो आणि झाडाची फांदी. राहुड घाटाच्या अलीकडे पलीकडे तर विचारूच नका. ऊसाच्या ट्रॉलीला मागे लाल कापडही नसतं. मी तर रात्री उजवीच धरतो. कारवाल्याने डिपर मारला की साईड देतो. उभ्या गाडीच्या मागे घुसण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या ना.

---

टर्मिनलचे_नाना

मालेगावकर, तुझी भीती खरी आहे, उभ्या गाडीत घुसलेल्या केबिन मी पण बघितल्यात. पण उजव्या लेनमध्येही रात्री डिव्हायडरच्या फटीतून जनावर येतं, माणूस येतो, गावकऱ्यांनी डिव्हायडर फोडून केलेल्या वाटेने ट्रॅक्टर तोंड काढतो. तिथे तुला दिसतं का? तिथेही लाईट तोच.

रात्रीचा खरा प्रश्न वेगाचा आहे. डिमवर लोड गाडीचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटर कामाचा. ८० वर भरलेली गाडी, कोरडा रोड, चांगले टायर, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरून थांबायला ९०-१०० मीटर घेते. ६० वर तीच साठेक मीटरमध्ये थांबते. म्हणजे डिमवर ८० ने चालणारा माणूस न दिसलेल्या जागेत गाडी घालत असतो, लेन कुठलीही असो. रात्री समोरून गाड्या असतील आणि डिमवरच चालायचं असेल तर ५५-६०, डावी लेन, आणि पांढऱ्या पट्टीवर नजर. पुढे उभी गाडी असेल तर कडेच्या पट्टीची रेघ मधेच तुटलेली दिसते, गाडी दिसायच्या आधी. तुटली की पाय काढ.

तू उजवी धरून मागच्याला साईड देतोस हे चांगलंच आहे. सगळे देत नाहीत.

---

अंबड_ट्रान्सपोर्ट

मी अंबडला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते. दिवसभर स्क्रीनवर गाड्या बघायच्या आणि डायव्हर लोकांना फोन करायचे हेच काम. पिंपळगावकर दादा, शेठला समजावायला थोडे आकडे देते, शेठ लोकांना आकडेच कळतात.

गोंदे ते वडपे साधारण १०० किलोमीटर. सगळं अंतर एकसारखं ७० ने गेलं तर ८६ मिनिटं, ८० ने गेलं तर ७५. फरक अकरा मिनिटांचा, तोही मधे घाट नाही, टोल नाही असं धरून. प्रत्यक्षात घोटी टोल, कसारा, शहापूर, पडघा यात तो कुठल्या कुठे जातो. आमच्या स्क्रीनवर जोरात पळणारी गाडी आणि शांत चालणारी गाडी भिवंडी बायपासला मागेपुढे दिसतात, माणकोलीच्या जाममध्ये तर शेजारी शेजारी! वेळ वाचवायचा असेल तर लोडिंग वेळेत करा. गाडी संध्याकाळी सातला सुटायची ती साडेनऊला सुटते आणि मग डायव्हरला सांगतात दाब. ठाण्यात जड गाड्यांना बंदीच्या वेळा आहेत, ती वेळ चुकली की अकरा मिनिटांचं काय लोणचं घालायचं?

डिझेलचं बोलायचं तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो. ताडपत्री फडफडत असेल तर आणखी.

आणि कायदा सांगून टाकते. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत मालवाहू गाडीला एक्सप्रेसवेवर ८० आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही ८०. शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. ही वरची मर्यादा झाली, बोर्डावर कमी लिहिलं असेल तर बोर्ड खरा. वेग मोडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड वाहनाला २००० ते ४००० दंड. चलन गाडीच्या नंबरवर येतं, म्हणजे शेठच्या नावावर. मग ते कुणाच्या पगारातून कापलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. दादा, एकदा शेठशी बोलून ठेवा की उजव्या लेनचं आणि वेगाचं चलन आलं तर कोण भरणार. माझा अनुभव असा की हा प्रश्न विचारला की 'उजवी धर' म्हणणाऱ्यांचा आवाज एकदम खाली येतो.

---

पिंपळगावकर_डायव्हर

ताई, हे भारी सांगितलं. शेठला वाचून दाखवतो, पण तुमच्या नावाने नाही, बातमीत आलंय म्हणून 😄

नाना, दोन गोष्टी राहिल्या. एक, समृद्धीने गेलो तर? भरवीर किंवा इगतपुरीला चढायचं आणि आमण्याला उतरायचं, कसाराच टळतो. दुसरं, मी ओव्हरटेकमध्ये अर्ध्यावर आहे, डावीकडचा ट्रक दाबतोय आणि मागे कार बंपरला चिकटून डिपर मारतेय. तेव्हा नेमकं काय करायचं? परवा मी घाबरून ब्रेक मारला, मागचा जेमतेम वाचला.

---

टर्मिनलचे_नाना

दुसऱ्याचं आधी. तशा वेळी मागच्याकडे बघूच नको. त्याच्या डिपरने तुझी गाडी पळणार नाही. डावीकडचा दाबतोय आणि तुझं पुढे निघत नाही हे कळलं की उजवा पाय हळू काढ, ब्रेक नाही, पाय काढ. वेग आपोआप उतरतो, मागच्याला दिसतं तू हळू होतोयस. डावीकडचा पुढे गेला की आरसा बघून त्याच्या मागे जा. मान गेली असं वाटायचं कारण नाही. उलट अर्ध्याहून पुढे निघाला असशील, तुझी केबिन त्याच्या केबिनच्या पुढे असेल, तर मात्र पूर्ण कर आणि मगच आत ये. हेच सगळं त्या चढाच्या आधी ठरव. चढ दिसतोय आणि तू काढायला निघालास तर अर्ध्यावर अडकणारच.

मागच्या कारला वाट दाखवायला उजवा इंडिकेटर देऊ नको. पेठ रोड, सापुताऱ्याकडे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर लोक देतात, आणि त्याचा अर्थ एक जण 'ये' घेतो आणि दुसरा 'येऊ नको'. माझ्या डोळ्यासमोर दोन गाड्या त्यावरून समोरासमोर आल्यात. ओव्हरटेक करायचं का नाही ते मागच्याने स्वतः बघून ठरवावं, आपण फक्त डावीकडे सरून हळू व्हायचं.

आता समृद्धी. इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, ७६ किलोमीटर, त्यात आठेक किलोमीटरचा बोगदा. कसाऱ्याची वळणं टळतात हे खरं. पण इगतपुरी सहाशे मीटर उंचीवर आणि शहापूर तिकडे खाली, ती उंची कुठल्याही रस्त्याने उतरावीच लागते. वळण नाही म्हणून उतार जाणवत नाही आणि गाडी आपोआप वेग घेते. गव्हर्नर उतारावर गाडी धरत नाही, तो फक्त डिझेल तोडतो. तिथेही एक्झॉस्ट ब्रेक लावून, गियर धरूनच.

लेनचं तिथे फार कडक ठेव. कारला १२०, तुला ८०. आरशात अर्धा किलोमीटर मागे दिसणारी कार तुझ्या पन्नास सेकंदांच्या ओव्हरटेकमध्ये तुझ्या बंपरला येऊन पोचते. म्हणून तिथे डावी लेन सोडायचीच नाही म्हटलंस तरी चालेल. टू-व्हीलर नाही, ट्रॅक्टर नाही, ढाबा नाही, शेठचं एकही कारण तिथे लागू होत नाही. फक्त झोप येते. सरळ रोड, एक आवाज, आजूबाजूला काही नाही. डोळे जड झाले की इंटरचेंजला किंवा पंपावर नीट आत घे, कडेच्या पट्टीवर उभी करून झोपू नको, वर मालेगावकर सांगतोय तो ट्रेलर म्हणजे असाच कुणी झोपलेला असतो. आणि निघायच्या आधी टायरची हवा थंड असताना बघायची. काँक्रीटवर तासन्‌तास एका वेगात टायर तापतो, कमी हवेचा आधी फुटतो. पुढच्या एक्सलला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) असेल तर समृद्धीला जाऊच नको, मला दाखवून जा. टोलचा हिशोब तुझा शेठ करेल.

---

नाशिक_ठाणे_अपडाऊन

नाना, एक विचारतो. पावसात घाटात धुकं असतं तेव्हा बरेच ट्रक चारी इंडिकेटर लावून चालतात. बरोबर आहे का? मी पण लावतो.

---

टर्मिनलचे_नाना

चालत्या गाडीला नको. चारी लागले की मागच्याला गाडी उभी आहे असं वाटतं, आणि लेन बदलताना तुमचा इंडिकेटर दिसतच नाही. धुक्यात डिम लाईट, मागचे लाल दिवे पुसलेले, वेग तीसच्या आत. हाय बीम मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. इगतपुरीला जुलै-ऑगस्टमध्ये पुढचा ट्रक दिसेनासा होतो तेव्हा वायपरपेक्षा आतून काच पुसायचं फडकं जास्त उपयोगी, ते जवळ ठेवा. गाडी बंद पडून कडेला घेतली तरच चारी लावायचे, आणि मागे त्रिकोण ठेवायचा, चांगला लांब. दगड नाही.

---

मालेगाव_लाईन

नाना दगडावरून मला टोमणा होता का हा 😀 माझ्या गाडीत त्रिकोण आहे भो. पण एक सांगा, त्रिकोण ठेवला तर अर्ध्या तासात चोरीला जातो त्याचं काय?

---

टर्मिनलचे_नाना

दोन ठेव. एक मागे लांब, एक गाडीजवळ. लांबचा गेला तरी जवळचा राहतो. आणि मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर टेप पूर्ण रुंदीला मारून घे, चिखलाने भरली की फडक्याने पुसत जा. ती कुणी नेत नाही.